बाळंतिणीच्या सोबतीचं काम शिकायचंय? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बायका या कामाबद्दल फोन करतात, तेव्हा पहिलं वाक्य साधारण सारखंच असतं: "घर सांभाळून करता येईल असं काहीतरी हवंय." करता येतं. पण या कामाचा कुठला भाग निवडता यावर ते अवलंबून आहे, आणि जाहिरातींत नेमकं हेच कुणी सांगत नाही.

हे नेमकं काम तरी काय? सुईणच ना शेवटी?

नाही. सुईण बाळंतपण करायची, आपण करत नाही. नाडी-रक्तदाब तपासणं, आतून तपासणी, बाळाचे ठोके ऐकणं, औषध सुचवणं, नाळ कापणं यातलं काहीच आपलं काम नाही. ते नर्सचं आणि डॉक्टरांचं.

आपलं काम सोबतीचं, आणि त्याचे ढोबळ तीन भाग पडतात. एक, कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत बाईजवळ थांबणं. हे करणाऱ्या बाईला शहरात डूला म्हणतात. दोन, बाळंतीण घरी आल्यावर पहिले सहा-आठ आठवडे तिला, बाळाला आणि घाबरलेल्या घराला हात देणं. तीन, स्तनपानाची मदत. काही जणी याला जोडून गरोदर बायकांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे छोटे वर्गही घेतात.

तेल लावायला येणारी बाई आणि आपण यांतही फरक आहे, पण तो मिरवायचा नाही. चांगली तेल लावणारी बाई तासाभरात बाळंतिणीच्या मनातलं जेवढं काढून घेते, तेवढं काढायला शिकलेल्या मुलीला महिने लागतात.

वेळा खरंच आपल्या हातात असतात का?

प्रसूतीच्या सोबतीत नसतात. पोटातलं बाळ कॅलेंडर बघत नाही. साधारण ३७ व्या आठवड्यापासून फोन उशाशी ठेवून झोपायचं. रात्री दोनला फोन आला की निघायचं, आणि पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालल्या तर तेवढा वेळ थांबायचं. तुमचं मूल तीन वर्षांचं असेल आणि त्या रात्री त्याला सांभाळायला घरात दुसरं कुणी नसेल, तर हा भाग आत्ता घेऊ नका. चार वर्षांनी घ्या.

बाळंतपणानंतरच्या मदतीचं तसं नाही. सकाळी दहा ते एक एका घरी, आठवड्यातून तीन दिवस, अशी ती ठरवता येते. आंब्याच्या दिवसांत स्वतःच्या कलमांकडे बघायचं असेल तर एप्रिल-मे मोकळा ठेवता येतो. गणपतीत आठवडाभर सुट्टी घेता येते, फक्त ते आधी सांगायचं. स्तनपानाचा सल्ला तर बराचसा तासाभराच्या भेटींत आणि मधल्या फोनवर होतो. लवचिक काम म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर दार इथून आहे.

कोकणात गरजही इथेच जास्त, असं माझं मत. मुलगी पहिल्या बाळंतपणाला मुंबई-ठाण्याहून माहेरी येते, नवरा सुट्टी संपली की रात्रीच्या गाडीने परत. घरात साठीतली आई, बागेत किंवा बंदरावर जाणारे वडील. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळ रडतं, आणि विचारायला कुणी नसतं.

बारावी झालेली नाही. चालेल का?

घरच्या मदतीसाठी आणि प्रसूतीच्या सोबतीसाठी सरकारने ठरवलेली शैक्षणिक अट नाही, कारण भारतात डूला या कामाला सरकारी नोंदणीच नाही. त्यामुळे दहावी झालेली बाईही हे शिकू शकते. वाचता-लिहिता यावं, व्यवस्थित नोंद ठेवता यावी आणि गप्प बसता यावं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

पगारी, सरकारमान्य नोकरीच हवी असेल तर मात्र रस्ता वेगळा, नर्सिंगच्या कोर्सचा: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. परिचारिकांना पुढे दीड वर्षाचं मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपण करण्याचं शिक्षण घेता येतं. त्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वय विशीच्या आत असेल आणि घरचे पाठीशी असतील, तर मी हाच रस्ता आधी सुचवते.

कोर्स कुठला निवडायचा? प्रत्येक जण 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' म्हणतो.

आधी हे ध्यानात ठेवा की प्रमाणपत्राने या कामाचा परवाना मिळत नाही, कारण परवाना नावाची गोष्टच नाही. परदेशी संस्था आहेत. डोना इंटरनॅशनल १९९२ पासून डूलांना शिकवते आणि प्रमाणित करते. लमाझ तर १९६० पासून प्रसूतिपूर्व शिक्षणात आहे. आपल्याकडे स्तनपानासाठी बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) ही १९९१ मध्ये सुरू झालेली संस्था आहे.

स्तनपानातलं सगळ्यात कडक प्रमाणपत्र म्हणजे आयबीसीएलसी, स्तनपान सल्लागाराचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. त्यासाठी स्तनपानावरचं ९५ तासांचं शिक्षण, शेकडो तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि मग परीक्षा. आरोग्यशास्त्राचे मूळ विषयही झालेले असावे लागतात, म्हणून नर्स, डॉक्टर, आहारतज्ज्ञ यांना ते सोपं पडतं. इतरांना तसं पडत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः शेवटचं बाळंतपण कधी बघितलंत? प्रत्यक्ष आया-बाळांसोबत किती तास काम करायला मिळेल? कोर्स संपल्यावर अडलं तर फोन कुणाला करायचा? आणि काय करायचं नाही, हे कुठल्या धड्यात शिकवता? चौथ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर पैसे खिशातच ठेवा. दोन दिवसांत 'तज्ज्ञ' करून देणारे आणि वर दोन हजारांची सूट देणारे यांच्यापासूनही लांब राहा.

ऑनलाइन शिकलं तर?

पुस्तकी भाग शिका, काही बिघडत नाही. आमच्याकडे पावसात वीज गेली की मागोमाग रेंज जाते, तेव्हा व्याख्यान रेकॉर्ड करून देतात का ते विचारून घ्या. पण कमरेवर दाब कुठे आणि किती द्यायचा, हे स्क्रीनवर कळत नाही. तेवढ्यासाठी गाडी पकडून जावंच लागतं.

प्रत्यक्षात शिकवतात काय?

प्रसूतीचे टप्पे, कळांमधला श्वास, उठणं-चालणं-कुशीवर वळणं, पाठीवरचा दाब, सिझेरियननंतर खाटेवरून कसं उतरायचं, बाळाला उघड्या अंगाला अंग लावून कसं धरायचं, हाताने दूध कसं काढायचं आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने कसं पाजायचं. आणि बोलणं, म्हणजे खरं तर ऐकणं.

एक उदाहरण जवळून सांगते. बाळ छातीला नीट लागलंय का, हे बघायच्या चार खुणा आहेत: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतोय, खालच्या बाजूला कमी. बाळाने नुसतं बोंड धरलं असेल तर आईचे पाय आखडतात, ती ओठ चावते. चेहऱ्याआधी तिच्या पायाची बोटं बघायची. मग करंगळी स्वच्छ धुऊन बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारायची, पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून काढायचं नाही. हे आईच्या हातांनी करून घ्यायचं, आपल्या नव्हे. आपण गेल्यावर रात्री ती एकटीच असणार आहे.

"तिका दूध पुरना नाय", असं सासूबाई म्हणाल्या तर काय उत्तर द्यायचं?

हे वाक्य तुम्हाला इतक्या घरांत ऐकायला मिळेल की उत्तर तयारच ठेवा. वाद घालायचा नाही, लंगोट मोजायचे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर डॉक्टर. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचं आहे, भुकेलेपणाची खूण नाही.

पहिला पिवळसर चीक अजूनही काही घरांत पिळून टाकतात. तो बाळाला मिळालाच पाहिजे, शक्यतो जन्मापासून तासाभरात. सहा महिने फक्त आईचं दूध. मध, साखरपाणी, गुटी काही नाही. कामावर परतणाऱ्या आईला काढलेलं दूध ठेवायचं असतं. ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण मे महिन्यातल्या मालवणात २५ अंश कुठून आणायचे? तिथे फ्रिज लागतो, आणि वीज किती वेळ गेली होती यावर लक्ष ठेवावं लागतं.

शेक-शेगडी, धुरी, लाडू. घरातल्या मोठ्या बायकांशी कसं जुळवून घ्यायचं?

मुंबईहून शिकून आलेल्या मुली पहिल्या घरात इथेच अडकतात. सरसकट 'हे सगळं चुकीचं' म्हणालात की दुसऱ्या दिवशी दार बंद.

माझी पद्धत तीन कप्प्यांची. चांगलं ते मनापासून उचलून धरायचं: उकड्या तांदळाची गरम पेज, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती, कोमट तेलाने हलक्या हाताने मालीश. विश्रांतीचा हा नियम तर सोनं आहे. फक्त विश्रांती म्हणजे खाटेला खिळणं नव्हे, घरातल्या घरात चालायला हवं. ज्याने काही बिघडत नाही ते चालू द्यायचं: कानाला फडकं, पाचवीची पूजा, सटवीसाठी ठेवलेली वही-पेन.

तिसरा कप्पा थांबवायचाच. मुसळधार पाऊस, खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी: या खोलीत वास न येणारा विषारी वायू साठतो आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. ओव्याची धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही. नाळेवर हळद, राख, तेल लावायचं नाही. कानात-नाकात तेल नाही, डोळ्यात काजळ नाही, बाळाची स्तनाग्रं पिळायची नाहीत. सांगताना पर्याय हातात ठेवा. "आजी, शेक द्या, पण गरम पाण्याच्या पिशवीने" हे पटतं. नुसतं "देऊ नका" पटत नाही.

किनाऱ्यावरच्या काही घरांत दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरी देतात. मोरी म्हणजे शार्कच, आणि मोठ्या शार्कमध्ये पारा साठतो. त्याऐवजी तारली, बांगडा सुचवा. मासेच बंद करायला सांगितलंत तर तुमचं पुढचं कुणी ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत आपल्याला सोडतात का?

पैसे घेऊन आलेली सोबतीण म्हणून, बहुधा नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबत असू द्यायला मान्यता दिली. पण त्यात अपेक्षा आहे ती नात्यातल्या, स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या बाईची. खोलीत पुरेसा आडोसा असेल तर नवऱ्यालाही परवानगी देता येते. प्रसूतीच्या खोल्या सुधारण्यासाठीच्या डिसेंबर २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबत धरलेली आहे. प्रत्यक्षात आत कुणाला घ्यायचं ते त्या पाळीच्या सिस्टर ठरवतात. खासगीत डॉक्टरांशी आठव्या महिन्यातच बोलून ठेवायचं. सिझेरियनच्या वेळी ऑपरेशनच्या खोलीत सहसा सोडत नाहीत.

म्हणून मी आमच्याकडच्या मुलींना उलटा मार्ग सांगते. जिला आत सोडणार आहेत तिलाच तयार करा. आईला, थोरल्या बहिणीला, जावेला दोन-तीन दुपारी बसवून शिकवा: कमरेवर हाताचा तळवा कसा दाबायचा, घोट-घोट पाणी कधी द्यायचं, 'ओरडू नकोस' का म्हणायचं नाही. सतत जवळ कुणी असण्याचा फायदा खरा आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५,००० हून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्यांत सिझेरियनचं प्रमाण कमी आणि कळांचा काळ थोडा कमी दिसला. ती सोबत तुम्हीच असायला हवी असं नाही.

आशाताईंना आपण त्यांच्या कामात लुडबुड करतो असं वाटेल का?

तुम्ही न विचारता घुसलात तर वाटेल. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. तुमची ओळख त्यांच्यापासूनच सुरू होऊ दे. योजनांची माहितीही त्यांनाच पक्की असते: जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियनसह मोफत प्रसूती, औषधं, आहार, वाहन, मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी.

आपल्याला वैद्यकीय काही कळत नाही. काही गंभीर झालं तर?

उपचार करायचे नसतात, ओळखायचं असतं. आई: तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, डोकं फुटेल अशी वेदना, डोळ्यांपुढे अंधारी, आकडी, धाप, एका पायाच्या पोटरीत दुखणं-सूज. बाळ: पिणं सोडलेलं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं की थांबायचं नाही, १०८ लावायचा. गरोदर आणि बाळंत बायकांसाठी १०२ सुद्धा आहे.

आमच्याकडे अंतर हा आजाराइतकाच मोठा प्रश्न. सावंतवाडी-कुडाळकडून अवघड केस गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरला जाते. जुलैत घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता विसरायचा. म्हणून आठव्या महिन्यात प्रत्येक घरासोबत कागदावर लिहून घ्यायचं: गाडी कुणाची, रात्री चालवणार कोण, साकव पाण्याखाली गेला तर दुसरी वाट कुठली, रक्त देणारे दोघं कोण, वाडीत रेंज नक्की कुठल्या दगडावर येते. पाऊस धरला आणि तारीख जवळ आली की बाईला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आधीच हलवायचं.

बाळंतीण सारखी रडते. तिला कसं समजवायचं?

समजवायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोपायची संधी असूनही झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. एडिनबरा प्रश्नावली नावाचे दहा प्रश्न आहेत, ते वापरायला शिकवतात. निदान मात्र डॉक्टरच करतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं काही बोलली तर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, आणि घरच्यांना सांगायचंच. इथे गुप्तता संपते.

ज्या घरात बाळ राहिलं नाही, तिथेही बोलावतात, आणि कोर्समध्ये हे फार थोडे शिकवतात. बाळ गेलं तरी दोन-तीन दिवसांनी दूध भरतंच. त्या आईला कुणी हे आधी सांगितलेलं नसतं. छाती भरून झगा ओला होतो आणि घरातल्या सगळ्यांची नजर दुसरीकडे वळते. तेव्हा गार पट्टी कशी ठेवायची, दाब कमी करण्यापुरतंच थोडं कसं काढायचं, दूध आटवण्याबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं, हे सांगणारी बाई लागते. 'दुसरं होईल' म्हणणाऱ्या पुष्कळ येऊन गेलेल्या असतात. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या.

पैसे किती मिळतात?

ठरलेला दर नाही. रत्नागिरी शहरात मिळतो तो राजापूरच्या वाडीत मिळणार नाही, आणि मुंबईचे आकडे ऐकून नोकरी तर मुळीच सोडू नका. पहिलं वर्ष पूरक कमाई धरून चाला. तासाचा दर, जाण्यायेण्याचं भाडं (दाभोळ-धोपावे फेरीबोटीचंसुद्धा) आणि रात्रीचा दर वेगळे लिहा. अर्धी रक्कम आधी घ्या. बाळ लवकर आलं आणि तुम्ही पोचू शकला नाहीत तर किती परत, हे तोंडी नको, कागदावर असू दे. आपल्याकडे ओळखीत पैसे मागायची लाज वाटते; नाही मागितले तर सहा महिन्यांनी कामाचाच राग येतो.

स्वतंत्र काम म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा. अनोळखी घर तो आधी बघतं.

पुरुष हे काम करू शकतात का?

बाळंतिणीच्या खोलीत, आपल्याकडे, आज तरी अवघड. बाबांचे वर्ग घ्यायला मात्र पुरुष हवेच आहेत. बाळाला ढेकर काढायला शिकलेला नवरा मी सांगून जेवढं होतं त्याच्यापेक्षा जास्त मित्रांना पटवतो.

कायद्याने अडचणीत येऊ असं काही?

दोन कायदे पाठ करा. मुलगा की मुलगी, हे शोधण्यात १९९४ च्या कायद्यानुसार मदत करणं गुन्हा आहे. 'ओळखीचा डॉक्टर सांगा' म्हणणाऱ्या घरातलं काम सरळ सोडा. दुसरा १९९२ चा, बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा. कंपनीच्या माणसाकडून कॅलेंडरही घेऊ नका. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर ते स्वच्छतेने कसं तयार करायचं ते जरूर दाखवा. आईला त्यावरून टोमणा मारू नका.

बाळाचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला कधीही नको. घरच्यांनी स्वतः सांगितलं तरी नको.

पहिलं काम कसं मिळतं?

जाहिरातीने नाही. तालुक्याच्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि एका बालरोगतज्ज्ञांना भेटा. मी काय करते आणि काय करत नाही, हे एका पानावर मराठीत लिहून द्या. डॉक्टर 'करत नाही'ची यादी आधी वाचतात. १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात अंगणवाडीत तासभर बोलायला मिळतंय का बघा. नात्यातल्या एक-दोन बाळंतिणींकडे शिकत असतानाच जा, नोंदी ठेवा आणि त्या शिकवणाऱ्याला दाखवा. गणपतीला चाकरमानी घरी येतात, त्यांत सहावा-सातवा महिना लागलेल्या मुली असतात. माहेरी कधी येणार, हे त्याच आठवड्यात ठरतं. तुमचा नंबर तोपर्यंत त्यांच्या आईकडे असला पाहिजे.